नकारालाही हवी सोबत
स्तनाच्या कर्करोगानंतरचा संप्रेरक उपचार आणि समअनुभवी स्त्रियांचा आधार

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया पार पडते, केमोथेरपीच्या फेऱ्या संपतात, रेडिएशनही आटोपते. डोक्यावर पुन्हा केस उगवू लागतात. घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. कोणी नवस फेडते, कोणी कार्यालयात पेढे वाटते. सर्वांच्या लेखी दुखणे संपलेले असते. नेमक्या याच वेळी डॉक्टर एक लहानशी गोळी लिहून देतात आणि सांगतात, ‘‘ही रोज एक, पाच वर्षे घ्यायची.’’ काहींच्या बाबतीत हा काळ सात किंवा दहा वर्षांचाही असतो.

ही गोळी म्हणजे संप्रेरक उपचार, अर्थात हार्मोन थेरपी. अनेक स्त्रिया तो नेमाने पूर्ण करतात. काही मात्र तो सुरूच करत नाहीत. काही वर्ष-दोन वर्षांत थांबवतात आणि ही गोष्ट घरी किंवा डॉक्टरांकडे बोलत नाहीत. उपचार घेणारीच्या पाठीशी सारे जग उभे असते. उपचार नाकारणारी मात्र एकटी पडते. तिला कोणाची आणि कशा प्रकारची सोबत हवी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक वैद्यकीय व्यवसायातील नाही. त्यामुळे गोळी घ्यावी की घेऊ नये, हे सांगण्याचा येथे हेतू नाही. तो निर्णय संबंधित स्त्रीने आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलूनच करावयाचा असतो.

हा उपचार काय करतो?

स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी सर्व रुग्णांमध्ये एकसारख्या नसतात. अनेक गाठींतील पेशी शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसल्या जातात. तपासणीच्या अहवालात ‘ईआर पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असते, ते याच अर्थाने. जगभरात अशा रुग्णांचे प्रमाण सुमारे ७० टक्के आहे. भारतात ते त्याहून काहीसे कमी आढळते. ज्यांचा अहवाल ‘निगेटिव्ह’ असतो त्यांना या गोळीचा उपयोग नसतो, म्हणून त्यांना ती दिलीही जात नाही.

संप्रेरक आणि हा कर्करोग यांचा संबंध फार पूर्वी लक्षात आला होता. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली, अंडाशय काढल्यावर काही स्त्रियांच्या स्तनातील गाठी आक्रसतात, असे नोंदवले. आपल्याकडे पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत स्तनाचा कर्करोग आणि संप्रेरके यांच्या संबंधावर मूलभूत संशोधन केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. आजही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली टॅमॉक्सिफेन ही गोळी १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये गर्भनिरोधकाच्या शोधात तयार झाली. त्या कामी ती अपयशी ठरली. मात्र १९७१ साली मँचेस्टर येथील स्त्री-रुग्णांवरील तिचे परिणाम प्रसिद्ध झाले आणि तिचे खरे काम पुढे आले.

टॅमॉक्सिफेन पेशीपर्यंत इस्ट्रोजेन पोहोचू देत नाही. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल, एक्सेमेस्टेन या दुसऱ्या गटातील गोळ्या शरीरात इस्ट्रोजेन तयार होण्याची क्रियाच रोखतात. त्या मुख्यत्वे रजोनिवृत्तीनंतर दिल्या जातात. या गोळ्यांचा लाभ मोठा आहे, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने रोग उलटण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते आणि पहिल्या १५ वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासाने दाखवले. या प्रकारचा कर्करोग १५-२० वर्षांनीही उलटू शकतो, हेही लक्षात ठेवावयास हवे.

तथापि ‘४० टक्के’ या आकड्याचा अर्थ प्रत्येकीसाठी वेगळा असतो. बँकेच्या वाचकांना हे समजावयास वेळ लागू नये. व्याजाचा दर सारखा असला तरी हाती येणारी रक्कम मुद्दलावर अवलंबून असते. समजा, एखाद्या गटातील १०० स्त्रियांपैकी ३० जणींमध्ये रोग उलटण्याचा संभव आहे. गोळीने ही संख्या १८ वर येईल, म्हणजे १२ जणी वाचतील. दुसऱ्या गटात मुळातच १०० पैकी पाच जणींना धोका असेल, तर तो तीनवर येईल; दोघी वाचतील. दर एकच, लाभ निराळा. ‘‘माझे मुद्दल किती?’’ हा प्रश्न प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांना विचारला पाहिजे. तो न विचारता दिलेला होकार अपुरा, आणि न विचारता दिलेला नकारही अपुराच.

नकार कोठून येतो?

आपल्याच व्यवसायातील एक उदाहरण डोळ्यांसमोर आणू या. पन्नाशीच्या पुढील एक भगिनी बँकेत रोखपाल आहेत. लेट्रोझोल सुरू झाल्यावर काही महिन्यांत त्यांची बोटे सकाळी आखडू लागतात. नोटांची गड्डी धरताना अंगठा दुखतो, शिक्का मारताना मनगटातून कळ जाते. रात्री अंग पेटल्यासारखे होऊन झोपमोड होते. ‘तुम्हाला दिसायला काहीच झालेले नाही’ असे भोवतालचे लोक म्हणतात. कर्करोगाने त्यांचा काउंटर सुटला नव्हता. गोळीने सुटेल अशी भीती त्यांना वाटते. एके दिवशी त्या गोळी घेणे थांबवतात. पंधरा दिवसांत बोटे थोडी मोकळी होतात आणि कोणालाही न सांगता थांबवलेली ती गोळी थांबलेलीच राहते.

हे उदाहरण कल्पित असले तरी यातील प्रत्येक लक्षण वैद्यकशास्त्राला परिचित आहे. लेट्रोझोलच्या गटातील गोळ्यांनी सांधेदुखी होते आणि हाडे विरळ होतात. टॅमॉक्सिफेनने अंगातून गरम वाफा येतात. रजोनिवृत्तीनंतर ते घेणाऱ्या काही थोड्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दोन्ही गोळ्यांनी योनीमार्गात कोरडेपणा येऊन पती-पत्नींच्या सहजीवनावर परिणाम होऊ शकतो, आणि आपल्या समाजात ही तक्रार ओठांवर येतच नाही. तरुण स्त्रीपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. उपचार चालू असताना गर्भधारणा होऊ देता येत नाही. पस्तिसाव्या वर्षी सांगितलेली पाच वर्षे म्हणजे तिच्या दृष्टीने मातृत्वाचीच पाच वर्षे होत.

शिवाय रोज सकाळी हातात येणारी ती गोळी ‘तुला कर्करोग झाला होता’ याची आठवण करून देते. काही जणींचा नकार वेदनेतून येण्यापेक्षा या आठवणीतून येतो.

असे करणाऱ्या स्त्रिया अपवादात्मक नाहीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे ८,७६९ रुग्ण स्त्रियांच्या औषधखरेदीच्या नोंदी तपासण्यात आल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, पूर्ण मुदतीपर्यंत आणि नेमाने गोळी घेणाऱ्या स्त्रिया केवळ ४९ टक्के होत्या. मुदतपूर्व थांबणे हे एखाद्या स्त्रीच्या दुबळेपणाचे लक्षण असते, तर हा आकडा इतका मोठा दिसला नसता.

दोन टोके

नकार देणाऱ्या स्त्रीला सहसा दोन प्रकारची माणसे भेटतात. पहिला प्रकार रागावणाऱ्यांचा. ‘‘एवढा खर्च केला, एवढे सोसले, आणि आता एक गोळी जड झाली?’’ मुले घाबरतात, पती अबोला धरतात, डॉक्टरांकडे वेळ नसतो. दुसरा प्रकार शाबासकी देणाऱ्यांचा. ‘‘बरे केलेस, ही सगळी विषेच, अमुक काढा घे, तमुक पथ्य पाळ.’’ पहिल्याजवळ काळजी आहे पण कान नाही. दुसऱ्याजवळ कान आहे पण जबाबदारी नाही. पहिल्यामुळे ती खोटे बोलू लागते, दुसऱ्यामुळे तिच्यासाठी परतीचा रस्ता बंद होतो.

कायद्याची भूमिका या दोन्ही टोकांच्या मधली आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निर्णय दिला. रुग्णाच्या संमतीशिवाय उपचार करता येत नाही, हे त्यात स्पष्ट करण्यात आले. संमती घेण्यापूर्वी उपचाराचे स्वरूप, लाभ, पर्याय, धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे दुष्परिणाम यांची पुरेशी माहिती रुग्णाला मिळाली पाहिजे, असेही न्यायालयाने सांगितले. म्हणजे नकार हा रुग्णाचा अधिकार आहे, आणि नकाराची किंमत काय हे आधी समजणे हाही तिचा अधिकार आहे.

समअनुभवी सोबत म्हणजे काय?

जे दुखणे आपण सोसतो तेच सोसलेली दुसरी व्यक्ती जवळ बसते, तेव्हा मिळणारा आधार डॉक्टर किंवा आप्त देऊ शकत नाहीत. न्यूयॉर्कच्या टेरीज लासर यांची १९५२ साली स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झाली. पुढे काय, हे सांगणारे त्यांना कोणी भेटले नाही. म्हणून त्या स्वतःच इतर रुग्णांच्या खाटेपाशी जाऊन बसू लागल्या. सुरुवातीला अनेक डॉक्टरांना हे रुचले नाही. पुढे १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्यांचा उपक्रम स्वीकारला. ‘रीच टू रिकव्हरी’ या नावाने तो अनेक देशांत पोहोचला.

चेन्नईत या विचाराची मुळे अधिकच खोल आहेत. अड्यार येथील सुप्रसिद्ध कॅन्सर इन्स्टिट्यूटची स्थापनाच मुळी एका महिला संघटनेच्या पुढाकाराने झाली. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या धाकट्या बहिणीचा कर्करोगाने मृत्यू झाला होता. त्या दुःखातून उभी राहिलेली त्यांची धडपड आणि विमेन्स इंडियन असोसिएशनचे पाठबळ यांतून १९५४ साली अवघ्या १२ खाटांचे हे रुग्णालय सुरू झाले. १९५५ साली रुजू झालेल्या डॉ. व्ही. शांता यांनी १९ जानेवारी २०२१ रोजी निधन होईपर्यंत आपले आयुष्य त्याला वाहिले. २००५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. औषधाइतकेच रुग्णाच्या मनाकडे लक्ष देणारा मानस-कर्करोग विभाग या संस्थेत आहे. एके काळी चेन्नईतील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक होते. आता ती जागा स्तनाच्या कर्करोगाने घेतली आहे. देशभरात २०२२ या एका वर्षात या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. सोबतीची गरज असणाऱ्यांची संख्या यावरून लक्षात यावी.

अशा सोबतीकडून अवास्तव अपेक्षा मात्र ठेवू नयेत. १९८९ साली अमेरिकेतील ८६ स्त्रियांच्या एका अभ्यासात, गटात बसणाऱ्या रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले आणि जगभर आशा पालवल्या. २००१ साली कॅनडातील २३५ स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. खिन्नता आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली. गट हा औषधाचा पर्याय होऊ शकत नाही. त्याचे काम वेगळे आहे. मन शांत असेल तर माणूस नीट विचार करतो, आणि गट ती शांतता मिळवून देतो.

बचत गटाकडून शिकण्यासारखे

बँकेतील मंडळींना या कल्पनेचे नवल वाटू नये. नाबार्डने १९९२ साली ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. त्याआधी १९८९ साली तमिळनाडूच्या धर्मपुरी जिल्ह्यात महिला गटांचे काम सुरू झाले होते. या गटांचे यश कशात आहे? सभासद एकमेकींची परिस्थिती जाणतात. बैठक त्यांची त्याच चालवतात. अधिकारी माहिती देतो आणि बाजूला बसतो. हप्ता चुकलेल्या सभासदाला चांगला गट हाकलून देत नाही. पुढच्या बैठकीला ती आली पाहिजे, याची तजवीज करतो.

उपचार नाकारणाऱ्या स्त्रियांसाठीच्या सोबतीला हेच तत्त्व लागू पडते. आधार गट सामान्यतः ‘उपचार पूर्ण करू या’ या उत्साहावर उभे असतात. तेथे गोळी सोडलेली स्त्री तोंड उघडत नाही. तिच्यासाठी चार-पाच जणींचे लहान वर्तुळ पुरे. त्यात गोळी पूर्ण घेतलेली, बदलून घेतलेली, थांबवून पुन्हा सुरू केलेली आणि न घेतलेली, अशा सर्व प्रकारच्या स्त्रिया असाव्यात. केवळ नाकारणाऱ्यांचाच गट झाला तर तो एकमेकींना शाबासकी देत बसेल, हा धोका आहे.

काही साधे नियम उपयोगी पडतील.

१. प्रत्येकीने स्वतःचा अनुभव सांगावा. दुसरीला ‘तू असे कर’ म्हणू नये. एकीची गाठ दुसरीसारखी नसते.

२. येथे बोललेले बाहेर जाऊ नये. खातेदाराची माहिती आपण जशी जपतो तशीच ही जपावी.

३. औषध, काढा वा पूरक पदार्थ यांची विक्री आणि शिफारस गटात होऊ नये.

४. गोळी थांबवली असल्यास ते डॉक्टरांना सांगण्याचे धैर्य गटाने द्यावे. हवे तर एखादीने सोबत जावे. गोळी थांबवली तरी तपासण्या थांबवू नयेत.

५. नकार कायमचा मानू नये. तिला पुन्हा विचार करावासा वाटला तर ‘बघ, आम्ही सांगत होतो’ असे कोणी म्हणणार नाही, याची तिला खात्री वाटली पाहिजे.

‘घेणे’ आणि ‘न घेणे’ यांच्या मधली वाट

शेवटचा नियम महत्त्वाचा आहे, कारण अनेकदा तिसरी वाट उपलब्ध असते आणि ती कोणी दाखवलेली नसते. एक गोळी सोसत नसेल तर त्याच गटातील दुसरी काहींना सोसते. कधी डॉक्टर गटच बदलून देतात. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांमुळे होणारी सांधेदुखी नियमित चालणे आणि स्नायूंचा व्यायाम यांनी कमी होते, हे अभ्यासांनी दाखवले आहे. गरम वाफांवर औषधे आहेत. मात्र नैराश्यावरील काही औषधे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास किंवा पायाला अचानक सूज आल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

मूल हवे असलेल्या तरुण स्त्रियांसाठी २०२३ साली एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष आले. ४२ वर्षांपर्यंतच्या निवडक स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षे उपचार घेऊन, मातृत्वासाठी तो दोन वर्षांपर्यंत थांबवला. पहिल्या साधारण तीन वर्षांत त्यांच्यातील रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. दीर्घकाळ त्यांच्यावर लक्ष ठेवले जात आहे. पूर्ण नकार देण्यापूर्वी हा विराम आपल्याला शक्य आहे का, हे विचारता येते. खर्च हेच कारण असेल, तर टॅमॉक्सिफेन व लेट्रोझोल या दोन्ही गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत आणि जनऔषधी केंद्रातही चौकशी करता येते.

आपल्या उदाहरणातील रोखपाल भगिनींना बोटांविषयी बोलायला एखादी समदुःखी मैत्रीण मिळाली असती, तर ‘‘माझेही असेच झाले होते, मी डॉक्टरांना सांगितले आणि गोळी बदलून मिळाली,’’ एवढे एक वाक्य त्यांच्या कानी पडले असते. त्यानंतरही त्यांनी नकार दिला असता, तर तो विचारपूर्वक झाला असता आणि त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहिल्या असत्या.

आपल्याला काय करता येईल?

सहकाऱ्यांनी आणि घरच्यांनी पहिला प्रश्न ‘‘गोळी घेतलीस का?’’ असा न विचारता ‘‘गोळीचा त्रास कितपत होतो?’’ असा विचारावा. शाखेत काम करणाऱ्या अशा भगिनीला काही काळ रोखीऐवजी दुसरे काम देता येते. त्यासाठी तिला आपला आजार सर्वांपुढे मांडावा लागू नये, ही काळजी वरिष्ठांनी घ्यावी. महाराष्ट्रातून बदलून आलेल्या कुटुंबांतील स्त्रियांना चेन्नईत तमिळ वा इंग्रजीत मनातले दुखणे सांगणे कठीण जाते. दुखणे मातृभाषेतच नेमके सांगता येते. येथील मराठी मंडळींत ज्या भगिनी या वाटेने गेल्या आहेत, त्यांचे एक फोन करणेही मोलाचे ठरेल. मन फारच खचले असल्यास १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून मराठी व तमिळसह अनेक भाषांत ती मिळते.

खाते बंद करण्यासाठी आलेल्या ग्राहकाला आपण रागावत नाही. त्याचे कारण विचारतो, होणारे नुकसान स्पष्ट सांगतो, अन्य पर्याय पुढे ठेवतो, आणि तरीही तो ठाम राहिला तर त्याच्या सहीचा मान राखतो. जाताना ‘‘पुन्हा अवश्य या’’ म्हणतो. उपचाराला ‘नको’ म्हणणाऱ्या स्त्रीचे प्राण पणाला लागलेले असतात, म्हणून तिला निदान एवढ्या सौजन्याची, आणि त्याहून कितीतरी अधिक मायेची, अपेक्षा आपल्याकडून असली तर ती रास्तच होय.